चालू होईल की नाही? रियाधहून ताइफच्या गुलाबांकडे

परतीच्या विमानाला दहा दिवस राहिले तेव्हा मिलिंद म्हणाला, "आई, आता काय बघायचं राहिलं ते एकदाच सांग." मी म्हणाले, "गुलाब." तो म्हणाला, "गुलाब? रियाधमध्ये?" मी म्हणाले, "रियाधमध्ये नाही रे. ताइफला."

मी कराडची. मंडईच्या तोंडाशी आमचं फुलांचं दुकान आहे. चाळीस वर्षं झेंडू, शेवंती, निशिगंध, गुलाब ओवण्यात गेली. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे लिहिताना चुकलं तर सोडून द्या. मी वहीत लिहिते, सुट्टीला आलेली नात टाइप करते आणि म्हणते, "आजी, इतनी लंबी लाइन!" तर रियाधला बथ्थाच्या बाजारात एक मल्याळी फुलवाला बसतो. गुरुवारी केरळातून विमानाने मोगरा येतो. (विमानाने! आमचा मोगरा एसटीच्या टपावरून येतो.) तो म्हणाला, ताइफला वसंतात गुलाब फुलतो, जेमतेम सव्वा-दीड महिना. उजाडायच्या आत तोडतात आणि एकही फूल ओवत नाहीत, सगळं उकळतात. उकळतात! ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून ते जाईना. एवढी फुलं उकळणारी माणसं एकदा डोळ्यांनी बघायचीच.

मला तीन महिन्यांचा व्हिसा होता. मार्च संपत आला होता, सन दोन हजार सात. गुलाब आत्ताच, आणि मी रविवारच्या विमानाने जाणार. म्हणजे गुरुवारी निघायचं, शुक्रवारी पहाटे शेत बघायचं, शुक्रवारी संध्याकाळी घरी. तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असते. हुकलं तर हुकलंच. पुन्हा येणं काही माझ्या हातात नाही. इकडे दुकान हे एकटे सांभाळत होते आणि फोनवर रोज विचारत होते, "आलीस का?"

आता गाडीचं सांगते, कारण हा प्रवास जितका गुलाबांचा तितकाच गाडीचा. मी यायच्या आठवड्यातच मिलिंदने एक जुनी, मोठी, जपानी गाडी घेतली होती. दिसायला राणीसारखी. पण गेले दोन आठवडे ती मधूनच चालू व्हायची नाही. किल्ली फिरवली की 'टक्', आणि गप्प. पाच मिनिटांनी तीच किल्ली, तेच हात, आणि लगेच चालू. मिलिंदने दोनदा गॅरेजमध्ये नेली. तिथे ती शहाण्यासारखी पहिल्या फटक्यात चालू झाली. मेकॅनिक म्हणाला, "कुछ नहीं है साहब." त्यापायी मिलिंदला बँकेत तीनदा उशीर झाला आणि साहेबाने बोलून घेतलं. सून प्राची म्हणाली होती, "अरे, भाड्याची गाडी घेऊ." पण ऐन सुट्टीच्या तोंडावर एकही मोकळी मिळेना. आणि बुधवारी गाडी दिवसभर छान चालली. म्हणून निघालो.

गुरुवारी फजरच्या, म्हणजे पहाटेच्या अजाननंतर मलाझच्या घरून बाहेर पडलो. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि साईसाठी बिस्किटं. साई म्हणजे नात, दहा वर्षांची. मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देते, हिंदीत विचारलं तर इंग्रजीत. मला अबाया, म्हणजे तिकडचा पायघोळ काळा झगा, घालायला तिनेच शिकवलं. सुती घ्या बायांनो, चकचकीत कापडाचा घेऊ नका, उन्हात जीव जातो.

रियाधच्या बाहेर तासाभराने रस्ता एकदम खाली उतरतो. पठाराची कड तुटल्यासारखी आहे, आणि खाली सगळं पसरलेलं. मी "थांब रे, थांब" म्हणत होते, पण तिथे थांबता येत नाही. पुढे लाल वाळू लागते. लाल म्हणजे हळदीत चुना मिसळल्यावर होतो तसला लाल, आणि त्यावर वाऱ्याने ओढलेल्या रेघा. कुणीतरी सकाळीच उठून ही सगळी जमीन झाडून घेतली असावी असं वाटतं. रस्ता तर बघत राहावा असा. तीन-तीन पदरी, खड्डा औषधाला नाही, दोन्ही बाजूंना कुंपण, उंट मध्ये येऊ नयेत म्हणून. मी मिलिंदला म्हटलं, "पुणे-सातारा रस्त्यावाल्यांना एकदा इकडं फिरवून आणायला हवं."

पहिला थांबा वाळूजवळच्या पेट्रोल पंपावर. इथे प्रत्येक पंपाला एक मशीद, एक दुकान, एक चहाची टपरी असते. चहा एक रियालला, कागदी कपात, पुदिना घातलेला. संडासाबद्दल खरं सांगते. आपली पाण्याची बाटली न्या आणि नाकाला रुमाल लावा. दुसरं, नमाजच्या वेळी पंपसुद्धा बंद होतो, अर्धा तास तरी. वेळ बघून निघा.

चहा पिऊन बसलो. मिलिंदने किल्ली फिरवली. टक्.

"झालं," प्राची म्हणाली.

मग घरातल्या प्रत्येकाचा आपापला उपाय. मिलिंदचा उपाय म्हणजे बॉनेट उघडायचं आणि धाडकन आपटायचं. प्राचीचं म्हणणं, एसीचं बटण आधी बंद हवं. साईचं म्हणणं, "पापा, जब मैं उतरती हूँ तब स्टार्ट होती है." ती उतरली, मिलिंदने बॉनेट आपटलं, प्राचीने एसी बंद केला, आणि गाडी चालू झाली. आता कुणाच्या उपायाने झाली, सांगा! तिघंही जिंकल्याच्या तोऱ्यात बसले.

दुसऱ्या वेळी, आणखी दीडशे किलोमीटरवर, तिन्ही उपाय करूनही होईना. एक पठाण ट्रकवाला थांबला. त्याने आपल्या बॅटरीतून जाड वायरी आमच्या बॅटरीला लावल्या आणि गाडी घुर्रर करून उठली. "बैटरी ख़लास है, साहब. नई डालो." मिलिंद म्हणाला, "अरे, तीन महिन्यांची आहे!" पठाण खांदे उडवून गेला. भला माणूस, पाणीसुद्धा घेतलं नाही.

तिथून पुढे मिलिंद गाडी बंदच करीना. दुपारपर्यंत निम्मं अंतर झालं. पण पेट्रोल भरताना तर बंद करावीच लागते. एका मोठ्या पंपावर बंद केली, पेट्रोल भरलं, आणि टक्. पुन्हा टक्. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू. ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत नाही म्हणे, पण बाजूला तरी ढकलता येते. चार माणसांनी ढकलून सावलीच्या कडेला आणली. एवढ्यात जुहरची, म्हणजे दुपारच्या नमाजची अजान झाली, पंप बंद, दुकान बंद, सगळे मशिदीत.

नमाज संपत आली तोवर मिलिंद घामाने भिजला होता. तो खाली मान घालून म्हणाला, "चालू झाली की परत फिरायचं. ताइफ नाही."

"अरे, निम्मं आलोय," प्राची म्हणाली. "दोन्हीकडे तेवढंच अंतर आहे."

"परत गेलो तर माझं गॅरेज आहे, माणसं ओळखीची आहेत. ताइफला उद्या शुक्रवार, सगळं बंद. तिथे अडकलो तर शनिवारी ऑफिस कसं? आणि रविवारचं आईचं विमान?" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सॉरी, आई."

त्याचं चुकत नव्हतं. मी म्हणाले, "राहू दे. गुलाब काय, कराडला पण असतात." आणि तोंड फिरवून धपाट्यांचा डबा काढायला लागले. खरं सांगते, रडू आलं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय ओ, गाडी रुसली काय?"

मराठी! वाळवंटाच्या मध्यात! वळून बघितलं तर पन्नाशीचा, शिडशिडीत, डोक्याला टोपी, हातपाय धुतलेले ओले, नमाजहून आलेला माणूस. त्याच्या मागे एक लांब ट्रक, त्यावर सात-आठ चार चाकांच्या मोटारसायकली दोरखंडाने बांधलेल्या. वाळूत पळवायच्या त्या असतात ना, इकडे त्यांना दबाब म्हणतात. माणूस दापोलीकडचा, नाव इक्बालभाई. वीस वर्षं सौदीत. कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाच्या, दबाब भाड्याने देतो, दुरुस्तही करतो. थंडीत रियाधच्या वाळूत आणि वसंतात ताइफच्या डोंगरावर. आत्ता त्या घेऊन ताइफलाच चालला होता.

"मराठी ऐकली म्हणून आलो, मावशी. एरवी लोकाच्या बॉनेटमध्ये मी नाक खुपसत नाय."

मिलिंद त्याला बघून उठलाच. "बघा ना जरा. थांबा, एकदा बॉनेट आपटून..."

"आपटू नका!" इक्बालभाई केवढ्यांदा ओरडला. "हात लावू नका कशाला. कोणीच. नशीब, आत्ता चालू होत नाय. चालू झाली असती तर मी काय शोधणार होतो? असला बिघाड चोरासारखा असतो. धक्का दिला की लपतो. आज तो घरात सापडलाय तर दार बंद करून बघू."

बघा, हे ऐकून मी डबा खाली ठेवला. दोन आठवडे आम्ही गाडी चालू झाली की सुटकेचा श्वास सोडत होतो. आणि हा माणूस ती बंद आहे म्हणून खूश.

त्याने हत्यार काढलं नाही. आधी मिलिंदकडून बँकेतल्या उशिरापासून पठाणापर्यंत सगळं ऐकून घेतलं आणि प्रश्न विचारले, डॉक्टर विचारतो तसे. "किल्ली फिरवली की आवाज एकदा येतो की टकटकटक येतो?" मिलिंद म्हणाला, "येतो काहीतरी." "समोरचे दिवे मंद होतात की पूर्ण जातात?" मिलिंद म्हणाला, "लक्ष नाही दिलं."

"एकदाच टक् येतो," मी म्हणाले. "आणि दिवे मंद नाही होत, पार विझतात. किल्ली सोडली की परत येतात. आणि ते घड्याळ आहे ना, ते मघाशी आपोआप परत बारावर गेलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अहो, मी मागच्या सीटवर मधोमध बसते, माझ्यासमोर दुसरं काय असतं? इक्बालभाई म्हणाला, "भाऊ, बँकेत मावशीला ठेवा." मग म्हणाला, "दिवे पार विझतात म्हणजे सेल्फ खराब नाय. वाट तुटते. बॅटरीत करंट हाय, पण बाहेर पडताना कुठंतरी वाट तुटते. आता वाट एका टोकापासून बघायची. मधली उडी मारायची नाय."

त्याने खिशातून एक बल्ब काढला, गाडीच्या मागच्या दिव्याचा असतो तसला, त्याला दोन वायरी जोडलेल्या. एवढंच हत्यार! वायरींची टोकं बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर धरली. बल्ब लख्ख. "भाऊ, सेल्फ मारा." टक्. बल्ब तसाच लख्ख. "बगा, बॅटरी ठणठणीत." मग एक टोक लाल बाजूच्या क्लिपवर धरलं, खुंटीवर नाही, तिला आवळलेल्या क्लिपवर. "मारा सेल्फ." लख्ख. मग लाल टोक परत खुंटीवर, आणि दुसरं टोक काळ्या बाजूच्या क्लिपवर. बल्ब लागला. "मारा सेल्फ." टक्. बल्ब विझला.

"परत." टक्. विझला.

"हितंच हाय," तो म्हणाला. "खुंटी आणि क्लिप एकमेकांना चिकटलेल्या दिसतात ना? पण चिकटलेल्या नायत. बारीक करंट जातो, बल्बापुरता. सेल्फला लागतो नदीएवढा, तो जात नाय. पठाणाने वायर कशाला लावली होती? क्लिपला. म्हणून चालू झाली. त्याला वाटलं बॅटरी गेली. त्याचा दोष नाय, असंच दिसतं."

मी त्याच्या हाताकडे बघत होते. मी बायकांना ओवायला शिकवलंय, मला हात कळतात. घाई नाही, एक जागा सोडून दुसरीकडे जाणं नाही. एवढ्या मोठ्या गाडीत त्याने दोन बोटांएवढी जागा शोधली, तीही एका बल्बाने. आम्ही सगळ्यांनी मिळून नुसतं बॉनेट आपटलं होतं.

त्याने पाना लावून काळी क्लिप सोडवली. आत पांढरं-हिरवं पीठ जमलेलं. आणि त्या पिठात चिकटलेला, काळा पडलेला, दोन बोटं लांबीचा दोरा. त्याने तो चिमटीत धरून वर काढला. "हे काय? ह्या दोऱ्यावर क्लिप बसलीय. एका बाजूने उचलली जाते. गाडी हादरली की कधी टेकते, कधी नाय."

मी पुढे होऊन वाकून बघितलं.

दोऱ्याला गाठ होती. दुहेरी फास, उजवीकडून घेतलेला, शेपूट आत दाबलेलं. कराडच्या अख्ख्या मंडईत तशी गाठ एकच बाई मारते.

आता सांगितलंच पाहिजे. नवी गाडी आली त्या दिवशी मी म्हटलं होतं, नारळ फोडू, हार घालू. मिलिंद म्हणाला, "आई, इथे नाही. तपासणी नाक्यावर गाडी बघतात, उगीच प्रश्न नकोत. गाडीला काही बांधायचं नाही, कबूल?" मी म्हणाले, कबूल. आणि तो आंघोळीला गेल्यावर खाली जाऊन, बॉनेट उघडून (साईनेच दाखवलं कसं उघडतं ते), बथ्थाचा एवढासा मोगऱ्याचा गजरा बॅटरीला बांधला. दिसू नये म्हणून दोरा काळ्या टोपणाखाली खोचला आणि वर नारळाचं पाणीही शिंपडलं. फुलं दोन दिवसांनी काढून टाकली. दोरा निघेना, तो राहिला. पुढे अडीच महिन्यांनी मिलिंदला ती क्लिप सैल वाटली, तर त्याने टोपण उचलून ती आवळली. खाली दोरा आहे हे त्याने बघितलं नाही, मी सांगितलं नाही.

इक्बालभाईने माझ्या तोंडाकडे बघितलं. त्याला कळलं असावं. दापोलीचा माणूस, त्याला हाराचा दोरा कळत नाही होय? पण "काहीतरी दोरा अडकला," एवढंच म्हणाला. काचकागदाने खुंटी घासली, क्लिपचं आतलं तोंड घासलं, परत बसवली. "मारा सेल्फ." पहिल्या फटक्यात चालू.

साईने टाळ्या वाजवल्या. मिलिंदने नाही वाजवल्या.

"आभारी आहे, इक्बालभाई," तो म्हणाला. "पण आम्ही परतच जातो. गॅरेजमध्येही चालू झाली होती. एवढ्याशा दोऱ्याने काय होतंय? खरं कारण दुसरंच असेल, आणि ते ताइफला परत उपटेल. दोरा आला कुठून, तो कधीपासून आहे, काय माहीत?"

मला माहीत होतं. एकट्या मलाच माहीत होतं. गप्प बसले असते तर गाडी रियाधला गेली असती आणि माझी गाठ कुणाला कळली नसती. बोलले असते तर मिलिंद चिडला असता आणि चिडून रियाधलाच नेली असती, असंही वाटलं. पण तो बिचारा उद्यापासून पुन्हा दुसरं कारण शोधत फिरणार, पुन्हा बँकेत उशीर होणार. मी म्हणाले, "मिलिंद, दोरा माझा आहे."

आणि सगळं सांगितलं. गजरा, टोपण, नारळाचं पाणीसुद्धा.

प्राचीने ओढणीत तोंड लपवलं, हसत होती. मिलिंद हसला नाही. "दोन आठवडे, आई! दोन आठवडे मी साहेबाची बोलणी खातोय! दोनदा गॅरेजचे पैसे! मी काय सांगितलं होतं? कबूल म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते."

"मग?"

"चुकलं."

इक्बालभाई पुसण्याने हात पुसत म्हणाला, "भाऊ, एक विचारू? क्लिप टाइट कोणी केली?"

"मी."

"खाली बघितलं होतं?"

मिलिंदने वाकून क्लिपकडे बघितलं.

"दोरा नुसता पडून होता तोवर गाडी चालत होती. तुम्ही त्याच्यावर क्लिप आवळली तेव्हापासून बंद पडते. मावशीने बांधला, तुम्ही चेपला. आता तारखा जुळवा. क्लिप कधी आवळली?"

मिलिंदने बोटांवर मोजलं. "दोन... दोन आठवडे झाले."

"मग अजून कसलं कारण शोधता? पण माझ्या बोलण्यावर जाऊ नका. एकदा चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली असं नसतं, हे खरं. बंद करा, चालू करा. पंधरा वेळा. दारं आपटा, बॉनेट आपटा, आता मुभा हाय. सगळे उतरा, सगळे बसा. इंजिन गरम हाय, चोर असेल तर आत्ताच दिसेल."

साईने मोठ्याने आकडे म्हटले. पंधराला पंधरा. सोळावी तिने स्वतः हट्टाने फिरवली. इक्बालभाई पैसे घेईना. धपाटे मात्र घेतले, चार, चटणीसकट, आणि पहिला तिथेच उभ्याने खाल्ला. मग म्हणाला, "आमच्याकडं तांदळाची भाकरी. पण हे पण चालेल." जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी बांधायचंच झालं तर स्टेअरिंगला बांधा. तिथं करंट नाय." आणि ट्रक घेऊन पुढे गेला.

आम्ही निघालो. तिकडच्या रस्त्यावर मधोमध कुंपण असतं, परत फिरायचं तर पुढचा यू-टर्नचा पूल गाठावा लागतो. मिलिंदने काय ठरवलंय ते सांगितलंच नव्हतं. तो नुसता बोलत होता. मी लहानपणी त्याच्या दप्तरात विचारल्याशिवाय अंगारा ठेवायचे इथपासून सुरुवात झाली. मी "हो", "बरोबर", "चुकलं" म्हणत होते आणि डोळे पुढच्या पाटीवर. पूल दिसायला लागला. तो बोलतच होता. पूल जवळ आला. प्राचीने माझा हात धरला. तो बोलतोय, बोलतोय, आता दहावीच्या पेपराच्या दिवशी मी त्याच्या खिशात काय घातलं होतं ते, आणि पूल डोक्यावरून मागे गेला. तो सरळ निघाला होता.

संध्याकाळी डोंगर चढलो. हवा गार, रस्त्याच्या कडेला माकडं, केसाळ, सिंहासारखी आयाळ असलेली, गाडीच्या काचेपाशी येतात. खायला घालू नका, हात ओरबाडतात. डोंगरावरच्या हदा गावाजवळ सामानासकट फ्लॅट मिळाला, एका रात्रीचे दीडशे रियाल. कुटुंबाचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, आणि माझा पासपोर्ट बघितला, मग किल्ली दिली. जेवायला तमीस, म्हणजे भट्टीतली परातीएवढी रोटी, एक रियालला एक, आणि बरोबर फूल नावाची शिजवलेल्या वालांची उसळ. तेल आणि जिरं घालून देतात. मी दोनदा घेतली.

शुक्रवारी उजाडायच्या आत गाडीत बसलो. मिलिंदने किल्लीला हात लावला आणि कुणी श्वास घेईना. एका फटक्यात चालू.

आणि मग गुलाब.

काय सांगू. दिसायला साधा, फिकट गुलाबी, लहान, आपल्या दुकानात असं फूल मी हारात मध्ये घातलं नसतं. पण गाडीचं दार उघडलं आणि वास आला तो आधी नाकात नाही, घशात गेला. डोंगराच्या पायऱ्या-पायऱ्यांवर झुडपं, दव पडलेलं, आणि त्यात येमेनी माणसं कमरेला फडकं बांधून तोडत होती. देठ नाही तोडत. बोटं फुलाखाली घालून नुसतं उचलल्यासारखं करतात आणि फूल निघून हातात येतं. मी विचारलं, मी करू का? शेताचा मालक म्हातारा, पांढरी दाढी, साईने शाळेतल्या अरबीत त्याला समजावलं की आजी फुलवाली आहे. तो इतका खूश झाला की स्वतः फडकं आणून दिलं. पहिली दहा फुलं मी कराडच्या सवयीने देठासकट तोडली, काटे टोचले. मग जमलं. अर्धं फडकं भरलं मी, उगाच नाही सांगत.

ऊन यायच्या आत सगळी फुलं मोजून-तोलून तांब्याच्या मोठ्या हंड्यांत गेली. खाली जाळ, वरून नळी, नळी थंड पाण्यातून. मी विचारलं, ओवत का नाही? म्हाताऱ्याने बोट सूर्याकडे दाखवलं. साईने सांगितलं, "आजी, सन आया तो खुशबू चली जाती है." म्हणजे आपण जो गुलाब दहा वाजता दुकानात मांडतो, त्यातलं खरं काय ते आधीच गेलेलं असतं. चाळीस वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं. मालकाच्या बायकोने आत नेऊन कडू वेलचीची कॉफी आणि खजूर दिले. अत्तराची किंमत विचारू नका, मी विचारली आणि बाटली खाली ठेवली. गुलाबपाणी मात्र घ्या, ते आपल्या आवाक्यातलं आहे.

कुणाला जायचं असेल तर मार्चअखेर ते एप्रिल, आणि शुक्रवारच्या मोठ्या नमाजाच्या आत पेट्रोल भरून निघा. आम्ही दहाला निघालो, संध्याकाळी मलाझला. वाटेत चारदा थांबलो, चारदा चालू झाली. शेवटच्या वेळी मिलिंदने मुद्दाम बंद करून परत चालू केली, उगाच, ऐकायला.

आता मी कराडला. गुलाबपाण्याची बाटली निम्मी संपली, देव्हाऱ्यात वापरते. इक्बालभाईचं ते एका टोकापासून बघणं मात्र अंगी लागलं. परवा दुकानातला पंखा मधूनच बंद पडायला लागला, तर मी कुणाला आपटू दिला नाही. प्लगपासून सुरुवात केली आणि बटणापाशी सापडलं.

आल्या दिवशी ह्यांना सगळं सांगितलं. वाळू, माकडं, तमीस, म्हातारा, हंडे. दोऱ्याचंही सांगितलं, लपवलं नाही. हे चहा पीत ऐकत होते. म्हणाले, "मग मिलिंद रागावला असेल."

"रागावला की," मी म्हणाले. "पार ताइफपर्यंत रागावला. पण ताइफपर्यंत नेलं."